चादरींच्या खोलीची कडी

गुजरातेतल्या मांजलपूरच्या त्या मणक्याच्या हॉस्पिटलात रोज सकाळी साडेसातला थेटरबाहेरचा फोन दोनदा वाजायचा आणि गप व्हायचा. तो उचलायचा नसायचा. दोन रिंगा म्हणजे पहिला पेशंट वॉर्डातून निघाला. रिंग ऐकली की कौशल्या हातातली उशी खाली ठेवायची, समोरच्या चादरींच्या खोलीत शिरायची आणि आतून कडी लावून घ्यायची.

सहा वर्षं हे असंच चाललं होतं. याचा कुठे कागद नव्हता की बोर्ड नव्हता. नवीन सिस्टर लागली की तिला ऑक्सिजनचा नळ कुठला ते दाखवायचे, तसंच हेही सांगून टाकायचे. पेशंट निघाला की दोन रिंगा दे, म्हणजे कौशल्यामावशी आत जातील. का, असं तिनं विचारलं तर सांगणारी आपल्या कपाळाला बोट लावायची. मग ती पोर पुढे काही विचारायची नाही.

कौशल्या जगदाळेचं कपाळ अकरा वर्षं मोकळं होतं. नवरा छाणीकडच्या एका कारखान्याचा टेम्पो चालवायचा, तो हायवेवर गेला. मागे पाच वर्षांची मिताली. घराणं तसं नावाचं, सासऱ्यांचे आजोबा सरकारी पागेत होते, दांडिया बाजारातल्या घरात त्यांची तलवार अजून खुंटीला आहे. पण तलवारीनं भाजी चिरता येत नाही. कौशल्या हॉस्पिटलात आया म्हणून लागली, आणि हात हुशार म्हणून वॉर्डातून थेटरात गेली.

आता तिचं काम काय ते ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाठीचं ऑपरेशन करायचं तर माणसाला बेशुद्ध करून पालथा घालावा लागतो. जागा माणूस अवघडला की कूस बदलतो. बेशुद्धाचं कोपर लोखंडावर राहिलं की राहिलं, पाच पाच तास. पाठ सरळ होते आणि माणूस लुळा हात घेऊन घरी जातो. म्हणून छातीखाली, कंबरेखाली, कोपराखाली मऊ गाद्या सरकवायच्या, पोट अधांतरी ठेवायचं, आणि तोंड एका फोमच्या कड्यात बसवायचं. कपाळ आणि हनुवटी टेकलेली, मधे डोळे मोकळे. सगळ्यात नाजूक ते डोळेच. कडं बोटभर सरकून फोम डोळ्यावर दाबून बसला तर डोळा आतल्या आत मरतो, आणि वर कोणाला पत्ता लागत नाही.

कागदावर हे बघायचं काम भूल देणाऱ्या डॉक्टरांचं. पण त्यांचे हात नळ्यांत, नजर मशीनवर, आणि साठीचा माणूस टेबलाखाली किती वेळा वाकणार? तेव्हा ते काम कौशल्याकडे आलं, जशी सगळी वाकायची कामं येतात तसं. तिनं ट्रंकेतून लग्नातला कुंकवाचा करंडा काढला. त्याच्या झाकणात रुपयाहून थोडा मोठा आरसा होता. तो सुटा करून तिनं धुतला, पुसला आणि थेटरात आणला. दर पंधरा मिनिटांनी ती टेबलाखाली उकिडवी बसायची, आरसा कड्याखाली धरायची, दोन्ही डोळे बघायची आणि मोठ्यानं सांगायची, "डोळे मोकळे." ऑपरेशन करणारे डॉक्टर उन्मेष मान न वळवता म्हणायचे, "हं." की काम पुढे चालू.

"देवळात घंटा, तसं आपल्याकडे कौशल्याबेनचं डोळे मोकळे," थेटरचा टेक्निशियन सुभाष म्हणायचा. "ते ऐकलं नाही तर मला चुकल्यासारखं होतं."

तर अशी ही बाई. आणि हिला कडी का लावून घ्यावी लागायची?

सहा वर्षांपूर्वी तात्यासाहेब म्हणून एक मोठे गृहस्थ ऑपरेशनला आले होते. ट्रॉली थेटरच्या दाराशी आली, तिथे कौशल्या उभी. तात्यासाहेबांच्या बायकोनं तिच्याकडे खालून वर बघितलं.

"ही कोण?"

"आमच्या थेटरच्या मावशी."

"कपाळ नाही दिसत हिचं. शुभ कामाला निघालेल्या माणसाला पहिलं तोंड हे दाखवता? फिरवा गाडी मागे."

गाडी फिरवली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. डॉक्टर उन्मेष चिडले, म्हणाले, "मी असलं काही मानत नाही," आणि आत हात धुवायला निघून गेले. हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या त्यांच्या पत्नी निरुपमा मॅडम, त्यांनी तिढा सोडवला. "पेशंटचं मन शांत हवं, बाई. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. तू त्या चादरींच्या खोलीत थांबत जा. वाईट वाटून घेऊ नकोस हं."

मागितलं होतं एका घरानं, मिळालं सगळ्यांना. पुढे मॅडमनी त्याला साज चढवला. खालून निघताना मोहना सिस्टर, ती सवाष्ण, पेशंटला कुंकू लावायची आणि चांदीच्या वाटीतलं दही दाखवायची. नुसतं दाखवायची, कारण ऑपरेशनला उपाशी न्यावं लागतं. लोक खूश. मग पेशंट वर यायचा, दोन रिंगांनी कौशल्या लपायची, त्याला भूल द्यायचे, आणि पूर्ण झोपला की सुभाष येऊन चादरींच्या खोलीवर टकटक करायचा. "या, बेन."

कौशल्या बाहेर यायची आणि पहिलं काम कुठलं करायची? स्पिरिटचा बोळा घेऊन त्या कपाळावरचं कुंकू पुसायची. फोम बसायला कपाळ स्वच्छ लागतं ना. म्हणजे जागेपणी ज्याला तिचं तोंड चालत नव्हतं, त्याचं तोंड झोपेत तिच्या दोन्ही तळहातांत असायचं.

ती हसायची याला. "येडे आहेत लोक," सुभाषला म्हणायची. "माझी सावली नको, पण हात पाहिजे." ती हसते म्हणून सगळ्यांना वाटलं, बाईला काही लागत नाही. तिलाही तसंच वाटत होतं.

*

मितालीची पाठ दहावीत वाकडी दिसायला लागली. गणवेशाचा एक खांदा वर, एक खाली. डॉक्टर उन्मेषनी फोटो काढला, कणा इंग्रजी एससारखा झाला होता. "आणखी वाकला तर फुप्फुसावर येईल. अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत करून टाकू. कौशल्याबाई, तुमची मुलगी म्हणजे माझी मुलगी, पैशाचं काही बोलायचं नाही." माणूस मनाचा वाईट नव्हता. असल्या गोष्टींत वाईट माणूस लागतच नाही, हीच तर गंमत आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी कौशल्या आणि तिची मोठी जाऊ संयोगिता सुरती पापडी निवडत बसल्या होत्या. खंडेराव मार्केटमधून संयोगितानंच आणली होती, मितालीला आवडते म्हणून. आठ दिवस पोरीला हॉस्पिटलचं खायचंय.

"उद्या कुंकू मी लावते," संयोगिता म्हणाली. "त्या सिस्टरपेक्षा घरच्या सुवासिनीचा हात बरा. तू तेवढी समोर येऊ नकोस, कौशल्या."

"नाही येत, ताई."

"वाईट नको वाटून घेऊस. माझी पण पोरच आहे ती."

"नाही हो. मी तर आतसुद्धा जाणार नाहीये."

संयोगिताचा हात थांबला. "आत म्हणजे?"

"थेटरात. उद्या मी तिला हात लावणार नाही."

आतल्या खोलीतून मिताली आली. पाठीचा पट्टा लावलेला, त्यामुळे चालणं जरा ताठ. "मम्मी, आ शुं बोले छे? सहा तास मी पालथी राहणार. माझे डोळे कोण बघणार?"

"सुभाषकाका बघतील."

"सुभाषकाकांचं पोट बघितलंस? ते टेबलाखाली गेले तर मलाच उठून त्यांना ओढून काढावं लागेल."

संयोगिता खुदकन हसली. कौशल्या हसली नाही.

"रोज अजाण्या लोकांचे डोळे बघतेस," मिताली म्हणाली. "मग माझेच का नाही?"

"अजाण्याला काही झालं तर मला सोसवेल. तुला झालं तर सोसवायचं नाही."

"म्हणजे तुला वाटतं तुझ्यामुळे होईल?"

कौशल्या पापडीचे दोरे काढत राहिली. पोरीनं नेमकं बोट ठेवलं होतं. नवऱ्याच्या तेराव्याला सासू सगळ्यांसमोर म्हणाली होती, "सकाळी निघताना हिनं मागून हाक मारली. हिच्या पायगुणानं गेला माझा पोर." हाक मारली होती, हे खरं. डबा विसरला होता. ती हाक कौशल्याच्या कानात अकरा वर्षं वाजत होती. आणि त्यावर सहा वर्षं, रोज सकाळी, कडीचा आवाज. रोज हसून लावलेली कडीसुद्धा आत काहीतरी खुपसत जाते, ते तिला आज कळत होतं. लोकांच्या पेशंटपुरतं तिनं ते खोटं मानलं. स्वतःच्या लेकीची वेळ आली तेव्हा मनात म्हणाली, पण खरं असलं तर?

"एक दिवस," ती म्हणाली. "एकच दिवस तुला सांभाळायला देव पुरे आहे."

"देव टेबलाखाली वाकतो?" मितालीनं विचारलं, आणि आत जाऊन पडून राहिली.

*

सकाळी तिनं आरसा रुमालात गुंडाळून सुभाषच्या हातात दिला. सुभाषनं तो परत तिच्या हातात कोंबला.

"बेन, हे खूळ सोडा. मोठा केस आहे. मी उपकरणं बघू, एक्सरेचं मशीन फिरवू, का खाली वाकू? लोकांच्या येडेपणाला आपण हसतो, आणि तुम्हीच?"

"दर पंधरा मिनिटांनी," कौशल्या म्हणाली. "मशीन आत-बाहेर केलं की लगेच. टेबलाला धक्का लागला तर लगेच. उजवी बाजू आधी बघा, ते कडं उजवीकडे सरकतं."

"हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मला नाही."

तिनं आरसा त्याच्या खिशात टाकला.

डॉक्टर उन्मेष जिन्यानं वर येत होते. ती म्हणाली, "सर, आज मी आत नाही."

"का?"

मागून निरुपमा मॅडम म्हणाल्या, "राहू दे हो. आई आहे. घरच्या माणसानं थेटरात असू नयेच, हात कापतात."

"हां, ते बरोबर," डॉक्टर म्हणाले. चुकीच्या गोष्टीला बरोबर दिसणारं कारण मिळालं की मग तिला कोणी अडवत नाही. तिच्या जागी कोण, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. एवढी वर्षं ती एक जागा आहे असं कोणी धरलंच नव्हतं.

दोन रिंगा वाजल्या. कौशल्या आत गेली, कडी लावली.

ट्रॉलीचं पुढचं डावं चाक कुरकुरायचं. तो आवाज तिनं हजार वेळा ऐकला होता. आज तो दाराशी येऊन हळू झाला. संयोगिताच्या बांगड्या वाजल्या. मग मितालीचा आवाज आला, गुजरातीत, कारण घाबरली की ती शाळेतल्यासारखी बोलायची. "सिस्टर, मम्मी क्यां छे?"

"आहेत गं इथेच," मोहना म्हणाली.

"मम्मी?"

दरवाजा लाकडाचा, अर्ध्या इंचाचा. कौशल्याचा हात कडीवर होता. तिनं दुसऱ्या हातानं उशीचा अभ्रा घेतला आणि तोंडात कोंबला, चुकून ओ जाऊ नये म्हणून.

"मम्मी, एक वार तो दिस ना."

चाक पुन्हा कुरकुरलं आणि थेटरचं दार फटकन मिटलं.

ती खोलीतच बसली. चादरी घडी घालून ठेवलेल्याच होत्या, त्या तिनं उलगडल्या आणि परत घड्या घातल्या. भिंतीवर घड्याळ होतं. आठ वाजून पाच मिनिटांनी मिताली पालथी झाली असेल. आठ वीसला कौशल्या भिंतीला म्हणाली, "डोळे मोकळे." आठ पस्तीसला म्हणाली, "डोळे मोकळे." आठ पन्नासला, नऊ पाचला. एकही वेळ चुकवली नाही. आत लेकीसाठी जे करायचं ते बाहेर भिंतीसाठी करत बसली. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

आत काय झालं ते सुभाषनं नंतर सांगितलं. पहिला तास त्यानं बघितलं, दोनदा गुडघ्यावर बसून, धापा टाकत. मग साडेनऊला रक्त जास्त जायला लागलं. भूल देणारे डॉक्टर रक्ताच्या पिशव्यांत गुंतले, सुभाषचे दोन्ही हात अडकले, एक्सरेचं मशीन दोनदा आत आलं, दोनदा बाहेर गेलं. रक्त थांबलं, पाठ सरळ झाली, सगळ्यांनी सुस्कारा टाकला. या सगळ्यात पावणेदोन तास टेबलाखाली कोणी गेलं नाही. एकदा डॉक्टर उन्मेष सवयीनं म्हणाले, "हं." पुढे म्हणाले, "कोणी काही बोललं का?" कोणी काही बोललं नव्हतं.

*

पाठ छान झाली. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन म्हणाले, सरळ झाली, पोर दोन इंच उंच दिसेल. संयोगितानं पेढे आणायला माणूस पाठवला.

दुपारी तीनला मितालीला नीट शुद्ध आली. कौशल्या कॉटच्या उजव्या बाजूला उभी होती. आता ऑपरेशन झालं, आता तोंड दाखवायला हरकत नाही, असा तिचा हिशेब.

"मम्मी, तू या बाजूला ये ना. तिकडची लाइट गेलीय."

कौशल्यानं खिडकीकडे बघितलं. ऊन सरळ उशीवर पडलं होतं.

तिनं हात लेकीच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. "आता सांग. किती बोटं?"

"कुठे?"

एवढी वर्षं थेटरात काढलेल्या बाईला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी डोळ्यांचे डॉक्टर बोलावले, दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. दाबून राहिल्यानं रक्त बंद पडलं, उजवा डोळा गेला, परत यायचा नाही.

संयोगितानं पदर डोळ्यांना लावला आणि रडता रडता म्हणाली, "दाराआड होतीस, पण दाराशीच होतीस ना गं. घरीच राहायचं होतंस. सावली पडलीच."

बघा आता. हात लावला असता तर हातानं झालं असतं. लावला नाही, तर सावलीनं झालं. या न्यायात बाईला सुटकाच नाही, ती जिवंत आहे हाच गुन्हा. कौशल्या जावेकडे बघत राहिली. संयोगिताचा राग येत नव्हता. ऑपरेशनच्या सकाळी ती स्वतःही असंच बोलली असती.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. मॅडम होत्या, सुभाष दाराशी उभा होता, डोळे सुजलेले. डॉक्टरांचाही चेहरा उतरला होता.

"कौशल्याबाई, हजारांत एखादा असं होतं. संमतीच्या कागदावर लिहिलेलं असतं. तरी मला फार वाईट वाटतं."

"माझी चूक आहे, सर," सुभाष म्हणाला. "माझ्याकडे आरसा होता."

"तुमची नाही, सुभाषभाई," कौशल्या म्हणाली. "जागा मी सोडली."

"नशीब गं," मॅडम म्हणाल्या. "असं स्वतःला लावून घेऊ नकोस. हे सावलीबिवली तू मानू नकोस, आम्ही नाही मानत."

कौशल्यानं मान वर केली. "तुम्ही मानत नाही?"

"नाही बाई."

"सर, तुम्ही?"

"अर्थात नाही. पेशंट मानतात, म्हणून आपण—"

"मीपण मानत नव्हते," कौशल्या म्हणाली. "मग सहा वर्षं त्या खोलीत मला कोण कोंडत होतं? कोणी मानत नाही आणि कडी रोज लागते. माझ्या पोरीचा डोळा कोणी घेतला, सर? न मानणाऱ्यांनी घेतला. त्यात मी पहिली."

डॉक्टरांनी टेबलावरचा प्लास्टिकचा मणका उगाच सरळ केला.

*

महिन्यानं कौशल्या कामावर जायला निघाली. मिताली आरशासमोर वेणी घालत होती. आता उजवीकडचं बघायचं तर तिला अख्खी मान वळवावी लागायची, आणि ताठ झालेल्या पाठीमुळे मानेबरोबर सगळी पोरच वळायची. शाळेत दोन दिवस गेली, जिन्यात एकाला धडकली. तो म्हणाला, आंधळी छे के? ती म्हणाली, अडधी. घरी येऊन हे सांगताना हसली, आणि कौशल्या मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

"मम्मी," मिताली म्हणाली. तिच्या बोटावर एक मरून टिकली होती. "लाव. मग कोणी काही बोलणार नाही."

"नको."

"का? लावतात आता सगळ्या."

"एरवी लावीन, मन झालं तर. आज लावून गेले तर त्यांचंच खरं केल्यासारखं होईल. आज आहे तसं कपाळ बघू देत."

मितालीनं टिकली आरशाच्या कडेला चिकटवली. "खोलीत जाणार आहेस आज?"

"नाही."

"जाशील तर मला खोटं सांगू नकोस."

मणक्यात स्क्रू बसवणाऱ्या थेटरात स्क्रूड्रायव्हरला काय तोटा. सव्वासातला कौशल्यानं चादरींच्या खोलीच्या आतली कडी चार स्क्रू काढून उतरवली. सुभाष बघत होता. त्यानं खिशातून रुमाल काढला, आरसा तिच्या हातात दिला आणि दारात तिच्या शेजारी उभा राहिला.

दोन रिंगा वाजल्या. थांबल्या. कौशल्या जागची हलली नाही.

लिफ्ट उघडली. ट्रॉलीवर छाणीचे विश्वासराव होते, सत्तरीचे, कपाळावर ओलं कुंकू. बाजूला त्यांची बायको आणि मुलगा जयसिंगराव, मागे निरुपमा मॅडम. कौशल्या मधोमध उभी होती. चाकं थांबली.

"कौशल्या," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "आत."

"आत कडी नाही, मॅडम." तिनं ती त्यांच्या हातात ठेवली. मग ट्रॉलीजवळ गेली. "काका, मी कौशल्या जगदाळे. नवरा नाही मला. तुम्ही झोपलात की तुमचे हात, पाय, डोळे मी सांभाळते, दहा वर्षं हेच करते. एकदा लपले ती बाहेर आलेच नाही, तर माझ्या पोरीचा डोळा गेला. आता लपणार नाही. तोंड बघून घ्या. हे चालत नसेल तर माझे हातही मिळणार नाहीत, आणि ज्यांच्याकडे द्याल त्यांनी खाली वाकायचं."

विश्वासरावांची बायको म्हणाली, "अगं बाई, हे काय आज." जयसिंगराव मॅडमकडे वळले. "आम्हाला कोणी सांगितलं नाही. गाडी फिरवायची का?"

थेटरचं दार उघडलं. डॉक्टर उन्मेष, टोपी घातलेले, मास्क गळ्यात. त्यांनी कौशल्याकडे बघितलं, मॅडमच्या हातातल्या कडीकडे बघितलं. एवढा एक क्षण त्यांच्याकडे सहा वर्षांनी परत आला होता. हात धुवायला निघून जायला नळ मागेच होता.

"कौशल्याबाई नसतील तर मी ऑपरेशन करत नाही," ते म्हणाले. "फिरवायची तर फिरवा." आवाज काही फार मोठा नव्हता. सहा वर्षांपूर्वी एवढ्याच आवाजात बोलले असते तरी पुरलं असतं.

माणूस दुखण्यापुढे लाचार असतो. विश्वासरावांची कंबर तीन महिने त्यांना झोपू देत नव्हती. त्यांनी बायकोकडे बघितलं, छताकडे बघितलं. मग म्हणाले, "चला पुढे." आणि कौशल्यासमोरून जाताना, तिचं तोंड दिसू नये म्हणून, त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

सुभाषनं दात खाल्ले. कौशल्या म्हणाली, "मिटू द्या. मिटलेलेच सांभाळायचे असतात."

त्या दिवशी थेटरात दर पंधरा मिनिटांनी टेबलाखालून आवाज आला. डोळे मोकळे. एकदा एक्सरेचं मशीन बाहेर काढताना टेबलाला धक्का लागला आणि कडं उजवीकडे सरकलं. कौशल्यानं दोन बोटं घालून ते सारखं केलं, आरशात परत बघितलं आणि सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "थँक यू." आजवर ते 'हं' म्हणत आले होते.

दुपारी विश्वासराव शुद्धीवर आले. दोन्ही डोळे उघडले. डावीकडे बायको दिसली, उजवीकडे खिडकी, खिडकीतलं कडुलिंबाचं झाड, झाडावरची खारसुद्धा दिसली. पहिलाच प्रश्न त्यांनी बायकोला विचारला.

"ती बाई गेली का?"

पायथ्याशी त्यांच्या पायावरची चादर सारखी करत कौशल्या उभी होती.

"नाही, काका," ती म्हणाली. "मी आता इथेच असते."